कपाटातली बंदूक

एखाद्या शेतवस्तीवर दरोडा पडला, म्हातारा-म्हातारीला मारहाण झाली, अंगावरचं सोनं गेलं, की सोलापूर जिल्ह्यात पुढचे आठ दिवस एकच मागणी फिरते: वस्तीवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला बंदुकीचा परवाना द्या. शहरातून उत्तर येतं, इथं अमेरिका करायची आहे का? पहिला म्हणतो, तुम्ही वॉचमन असलेल्या इमारतीत झोपता, तुम्हाला काय कळणार. दुसरा म्हणतो, तुम्हाला बंदूक म्हणजे मिशीला दिलेला पीळ वाटतो. मग पुढचा दरोडा पडेपर्यंत दोघंही गप्प. या वादात दोन्ही बाजू एकच चूक करतात. दोघांच्याही डोळ्यांपुढं बंदूक उडते तो एक क्षण असतो. एकाला दरोडेखोर पळताना दिसतो, दुसऱ्याला शाळेत गोळीबार दिसतो. पण घरातली बंदूक उडत नसते, ती पडून असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवाना पाच वर्षांचा झाला आहे. पाच वर्षं म्हणजे १,८२६ रात्री. त्यातली दरोड्याची रात्र आलीच तर एक. उरलेल्या १,८२५ रात्री ती बंदूक कुठं असते, किल्ली कुणाकडं असते आणि घरात त्या काळात काय काय घडतं, यावर तिचा हिशेब मांडला पाहिजे. तसा मांडला तर उत्तर स्पष्ट येतं: घरातल्या बंदुकीनं गुन्हे कमी होत नाहीत, घरातले मृत्यू मात्र वाढतात. वस्तीवरच्या माणसाची भीती खरी आहे. त्याला सुचवला जाणारा उपाय चुकीचा आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. भारतात सामान्य माणसाला बंदूक मिळतच नाही, हे खरं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं वाट ठेवली आहे. अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडं, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडं. पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल लागतो, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. वय २१ पूर्ण हवं. परवाना हातात आला की त्यावर शस्त्राचा प्रकार असतो आणि काडतुसांचे दोन आकडे असतात: एका वेळी जवळ किती बाळगायची, वर्षात किती घ्यायची. मिळण्यासारखं काय, तर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) एकनळी किंवा दुनळी, .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .३१५ ची रायफल. .३०३ आणि ९ मिलिमीटर ही निषिद्ध बोअर, ती सामान्य अर्जदाराला नाहीत. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत आणखी एक कागद आहे, ज्याकडं अर्जदार बघतही नाही: बंदूक घरात सुरक्षित कशी ठेवणार याची हमी. ती कुलपात, रिकामी, मुलांच्या आणि इतरांच्या हाताबाहेर ठेवायची.

सगळा वाद खरं तर या एका कागदापाशी संपायला हवा. रात्री अडीच वाजता वस्तीवर दरोडा कसा पडतो, हे कुठल्याही ग्रामीण ठाण्यातला हवालदार सांगेल. पाच-सात जण येतात. आधी शेजारच्या खोल्यांना बाहेरून कड्या घालतात. मग दरवाज्यावर मोठा दगड किंवा कटावणी. जुन्या लाकडी दाराची कडी दोन-तीन दणक्यांत निखळते. जाग येण्यापासून गळ्याला कोयता लागेपर्यंत किती वेळ गेला? अर्धा मिनिट म्हटलं तरी जास्त. या अर्ध्या मिनिटात नियम पाळणाऱ्या माणसानं अंधारात किल्ली शोधायची, कपाट उघडायचं, बंदूक काढायची, दुसऱ्या कुलपातली काडतुसं काढायची, नळी मोडायची (म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची), दोन काडतुसं भरायची, मिटवायची, आणि समोर उभा आहे तो चोर की आवाज ऐकून धावत आलेला भाऊ, हे ओळखायचं. जमेल का? नाही जमणार. म्हणून ज्याला बंदूक खरोखर दरोड्यासाठी हवी आहे तो ती भरून उशाला ठेवतो. आणि भरलेली बंदूक उशाला असली की ती घरातल्या प्रत्येकाच्या उशाला असते: सातवीतल्या मुलाच्या, दारू पिऊन आलेल्या दिराच्या, कर्जाच्या नोटिशीनं आठवडाभर न झोपलेल्या कर्त्या माणसाच्या. कुलूपबंद बंदूक दरोड्याच्या कामाची नाही, आणि दरोड्याच्या कामाची बंदूक कुलपात राहत नाही. याच्या मधली जागा मला तरी सापडलेली नाही.

समजा, सगळं जमलं. तरी बंदूक हे यंत्र आहे आणि यंत्राला निगा लागते. वस्तीवरच्या परवान्याच्या बंदुकीतली काडतुसं पाच-सहा वर्षं ट्रंकेत पडलेली असतात. पावसाळ्यात दमट, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ४० अंशांच्या वर. खडकीच्या कारखान्यातलं चांगलं काडतूसही अशा वागणुकीनंतर भरवशाचं राहत नाही. पितळी बुडाला हिरवट गंज चढला, कागदी किंवा प्लास्टिकची नळकांडी फुगली, की ते नळीत अडकतं. चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर बार उशिरा उडू शकतो. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं असतं. दरोड्यात कोण थांबतो? आवाज फुसका आला तर काडतुसातली डाट, म्हणजे छऱ्यांमागचं बूच, नळीतच अडकलेली असू शकते, आणि तशीच दुसरी गोळी झाडली तर नळी फाटून हात जातो. बारा बोअरच्या एल.जी. काडतुसातले हरभऱ्याएवढे छर्रे पत्रा आणि फळीचं दार सहज पार करतात. पत्र्याच्या आडोशापलीकडं कोण झोपलंय, हे छऱ्यांना माहीत नसतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चाळीत किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात, जिथं भिंतीला भिंत लागून आहे, तिथं तर घरातल्या गोळीबाराची कल्पनाही करवत नाही. रिव्हॉल्व्हरचं वेगळंच. जुन्या बनावटीत घोड्याखाली अडसर नसेल तर घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो, हातातून निसटून फरशीवर आपटलं की उडतं. म्हणून जुने जाणते सहा घरांत पाचच काडतुसं भरायचे, घोड्याखालचं घर रिकामं. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत एका नामवंत अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. भल्या पहाटे, स्वतःच्या घरात, आसपास चोर नसताना.

आणि मुळात चोर येतो कधी? घरफोडी करणारा बहुतेकदा कुलूप बघून येतो. मेच्या सुट्टीत गावाला गेलेलं घर, लग्नाला गेलेलं घर, आषाढीला पंढरीत असलेलं घर, कोजागिरीला तुळजापूरला पायी निघालेलं घर. घरात कुणी नाही ही तर त्याची पहिली अट. अशा घरात बंदूक मालकाच्या कामाची नाही, चोराच्या कामाची आहे. सोनं वितळवावं लागतं, मोबाईल ट्रेस होतो. बंदुकीला गिऱ्हाईक तयार असतं. राहिली शेतातली चोरी: पाणबुडी मोटार, केबल, डीपीतली तांब्याची तार. ती घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, रात्रीच्या अंधारात होते. तिथं गोळी झाडली तर कायदाही पाठीशी नसतो. भारतीय न्याय संहितेनं रात्रीच्या घरफोडीत आणि दरोड्यात मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क दिला आहे खरा, पण गरजेपेक्षा जास्त इजा न करण्याची अट घालून. तार टाकून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले तर चौकशी चोरीची राहत नाही, खुनाची होते.

आता समोरच्या बाजूचे जोरदार मुद्दे. ते आहेत, आणि ते टाळणाऱ्यांमुळंच हा वाद पोरकट झाला आहे.

पहिला मुद्दा करमाळ्याचा. २०२० च्या अखेरीस करमाळा तालुक्यात बिबट्यानं तिघांचे जीव घेतले. ऊसतोडीचे फड थांबले, लोक संध्याकाळी दारं लावून बसले. १८ डिसेंबरला तो मारला गेला तो बंदुकीनंच. मग बंदूक उपयोगी नाही कसं म्हणता? उपयोगी आहे, नक्कीच. पण त्या गोळीमागं वन खात्याचा आदेश होता, सरावलेला नेमबाज होता, माग काढणारं पथक होतं. गावोगावच्या घरांत बंदुका असत्या तर त्या पंधरवड्यात उसाच्या सरीत हललेल्या प्रत्येक पानावर बार निघाला असता, आणि त्या पानांआड ऊसतोड मजूर होते. शिवाय या मातीत बंदूक आणि रान यांचा इतिहास काही अभिमानाचा नाही. नान्नजचं अभयारण्य ज्याच्या नावानं आहे तो माळढोक आज का शोधावा लागतो, याच्या उत्तरात शिकारी बंदुकांचा वाटा मोठा आहे.

दुसरा मुद्दा आकड्यांचा, आणि बंदूकविरोधक तो कधीच उच्चारत नाहीत. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.७ लाख परवाने होते. त्यातले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. आणि २०२२ ची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी पाहिली तर खुनांचं प्रमाण उत्तर प्रदेशात लाखामागं १.५, महाराष्ट्रात १.८. परवाने पंधरापट, खुनांचं प्रमाण थोडं कमीच! ‘बंदूक वाढली की गुन्हा वाढतो’ हे सरधोपट वाक्य इथं मोडतं, ते मोडू द्यावं. पण त्याबरोबर ‘बंदूक वाढली की गुन्हा घटतो’ हेही मोडतं. नाहीतर महाराष्ट्रात उत्तर प्रदेशाच्या कितीतरी पट खून व्हायला हवे होते. आपल्याकडं खून प्रामुख्यानं कोयता, कुऱ्हाड, दगड आणि काठीनं होतात. बंदुकीनं होतात त्यांतली बहुतेक शस्त्रं विनापरवान्याची असतात. मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोन पट्ट्यातून किंवा बिहारमधल्या मुंगेरकडून येणारी गावठी पिस्तुलं, कट्टे. परवान्याचा माणूस कायदा पाळतो आणि गुंड कट्टा बाळगतो, हे समर्थकांचं म्हणणं इथवर शंभर टक्के बरोबर आहे. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र कट्ट्याची वाट तोडण्याचा आहे. कट्टा रोखण्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याच्या कपाटात दुनळी ठेवून काय होणार? कट्टेवाला ती बघून थांबत नाही. आधी वार करण्याचा फायदा नेहमी त्याच्याच बाजूला असतो.

तिसरा मुद्दा परदेशाचा. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका, आणि देश शांत. खरं आहे. २०१७ च्या अंदाजानुसार तिथं शंभर माणसांमागं २७.६ बंदुका होत्या, भारतात ५.३, अमेरिकेत १२०.५. पण स्वित्झर्लंडची बंदूक लष्करी शिस्तीची आहे. सक्तीच्या सैनिकी प्रशिक्षणातून घरी येते. आणि त्याच स्विस सरकारनं २००७ नंतर सैनिकांच्या घरातली काडतुसं परत घेतली. का घेतली असतील? रायफल घरी, गोळी कोठारात: शांत देशानं काढलेली ही वाट आपल्याकडचे स्विस-भक्त सांगत नाहीत. अमेरिकेतून येणारा लाडका आकडा म्हणजे वर्षाला २५ लाख वेळा बंदुकीनं स्वसंरक्षण होतं. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाच हजार जणांना फोन केले, त्यांतल्या सव्वा टक्क्याच्या आसपास लोकांनी ‘हो’ म्हटलं, आणि तो सव्वा टक्का साऱ्या देशाच्या प्रौढ लोकसंख्येला लावला. शंभरातल्या एकानं जरी तीन वर्षांपूर्वीची आठवण ‘यंदाची’ म्हणून सांगितली, किंवा अंगणातल्या भांडणाला ‘स्वसंरक्षण’ म्हटलं, की आकडा लाखांनी फुगतो. अमेरिकी सरकारच्या गुन्हेपीडितांच्या नियमित पाहणीत हाच आकडा एक लाखाच्या आत-बाहेर येतो. उलट बाजूलाही एक लाडका आकडा आहे: १९९३ च्या अभ्यासात घरात बंदूक असली की घरात खून होण्याचा धोका २.७ पट निघाला. त्यावरचा आक्षेपही रास्त होता. ज्याच्या जिवाला आधीच धोका आहे तोच बंदूक घेतो, मग दोष बंदुकीचा कसा? या आक्षेपाला उत्तर मिळालं २०२२ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या पावणेदोन कोटी प्रौढांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासानं बंदूक घेणाऱ्याकडं न बघता त्याच्यासोबत एका छपराखाली राहणाऱ्या, स्वतः बंदूक नसलेल्या माणसांकडं पाहिलं. खुनानं मरण्याचं त्यांचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांच्या दुपटीहून जास्त होतं. आणि जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचं? सातपट. मरणाऱ्यांत मोठा वाटा बायकांचा.

‘बाईच्या पर्समध्ये रिव्हॉल्व्हर’ या जाहिरातबाजीला याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. २०१४ साली कानपूरच्या शस्त्रनिर्माणीनं महिलांसाठी म्हणून अर्ध्या किलोचं .३२ चं ‘निर्भीक’ काढलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. विड्या वळणारी बाई ते कधी घेणार, हा प्रश्न सोडून देऊ. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात आणि मारहाण तर नवऱ्याची, सासरची. ज्या घरात ती मार खाते त्या घरात रिव्हॉल्व्हर आलं तर कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असेल?

आता त्या १,८२५ रात्री. घरातल्या बंदुकीचा सर्वांत मोठा बळी गुन्ह्यातला नसतोच. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. आणि आपण ज्या राज्यात बोलतो आहोत ते राज्य आत्महत्यांत देशात पहिलं आहे: २०२२ मध्ये २२,७४६. हा आकडा डोक्यात ठेवून मग ‘प्रत्येक वस्तीला बंदूक’ हे वाक्य पुन्हा म्हणून पाहावं. ज्याला मरायचं तो कसाही मरतो, हा युक्तिवाद इथं नेहमी येतो, आणि तो चुकीचा असल्याचे पुरावे भक्कम आहेत. इस्रायलच्या लष्करानं २००६ मध्ये एवढाच बदल केला की आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी रायफल तळावर ठेवायची. आत्महत्या चाळीस टक्क्यांनी घटल्या, आणि घट झाली ती सुट्टीच्या दिवसांत. इतर वारी फरक नाही. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरला. निराशेची ती लाट काही तासांची असते. त्या तासांत हाताला काय लागतं यावर माणूस वाचतो की नाही हे ठरतं. इतर बऱ्याच मार्गांत दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळतो. बंदुकीत तो जवळजवळ नसतो. परवान्याच्या रिव्हॉल्व्हरनं झालेला मृत्यू सोलापूरला अनोळखी नाही. नाव-गाव उगाळायचं कारण नाही. घरात बंदूक आहे आणि घरातला माणूस गप्प गप्प राहू लागला आहे, असं असेल तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर जायला हवी, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवायला हवा. दोन्ही कामं त्याच दिवशी.

रागाचंही तसंच. भाऊबंदकी, बांध, पाटाचं पाणी, सामाईक विहीर: आपल्याकडची भांडणं ओळखीच्याच माणसांशी होतात आणि क्षणात चढतात. काठी चालली तर टाके पडतात. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरात जागेच्या वादातून एका आमदारानं गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. गोळीबार झाला तो पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या खोलीत. संरक्षणाची गरज जिथं सर्वांत कमी, तिथंच खिशातल्या परवान्यानं भांडणाचा गोळीबार केला. त्याच महिन्यात ८ तारखेला मुंबईत एका माजी नगरसेवकाचा थेट प्रक्षेपण चालू असताना खून झाला. पिस्तूल परवान्याचंच होतं, पण मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर. परवाना एका माणसाची चौकशी करून मिळतो, बंदूक मात्र हाताला येईल त्याची असते.

इतिहासाचा मुद्दा आपल्या शहरात जरा जास्तच भावनेनं येतो, आणि का येऊ नये? १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र करण्यासाठीच केला. युरोपियनांना परवान्यातून सूट होती. गांधीजींनीही त्या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत गणलं होतं, १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला, नियमांच्या अधीन राहून. पण मग स्वतंत्र भारताच्या घटनेत तो का आला नाही? विसरले म्हणून नव्हे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांचं उत्तर असं की प्रत्येकाला बाजारात जाऊन वाटेल ती शस्त्रं घेण्याचा हक्क दिला तर राज्यकारभार चालणार कसा, याची कल्पनाच करवत नाही. ज्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्यांची बाजू मांडली, त्यानं त्यांच्या हाती बंदुकीचा हक्क देण्याऐवजी कायद्याचा हक्क दिला. यात भाबडेपणा नव्हता. शस्त्रं मोकळी झाली की ती आधी कुणाच्या घरात जातात, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

आणि सोलापूरचा स्वतःचा दाखला? मे १९३० मध्ये या शहरानं काही दिवस इंग्रजी सत्ता बाजूला सारली, म्हणून तर मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. ती ताकद गिरणी कामगारांच्या गर्दीची होती, कुणाच्या माजघरातल्या दुनळीची नव्हती. १९४७-४८ मध्ये निजामाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांनी रझाकारांविरुद्ध शस्त्रं उचलली, तो समर्थकांचा सर्वांत भक्कम दाखला, आणि तो मी मान्य करतो. राज्यसत्ताच लुटारूंच्या बाजूला गेली तर गावाला हत्यार उचलावं लागतं. पण तिथंही हत्यारं छावण्यांत होती, सराव आणि हुकमतीखाली. आणि शेवट केला तो १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुरातून नळदुर्गच्या दिशेनं निघालेल्या लष्करानं, पाच दिवसांत. आज मोटार चोरणाऱ्या टोळीला रझाकारांच्या जागी बसवायचं असेल तर उपमेची फार ओढाताण होते.

परवाने सैल केले तर ते कुणाला मिळतील, हे कल्पनेनं ठरवायची गरज नाही. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर, डिसेंबर २०२४ पासून, बीड जिल्ह्यातले परवाने मोजले गेले तेव्हा आकडा बाराशेच्या वर निघाला. छाननीत शंभराहून अधिक रद्द करावे लागले. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांचे किती होते त्यात? कमरेला लावून रील काढणाऱ्यांची, ठेकेदारांची, पुढाऱ्यांच्या मागंपुढं असणाऱ्यांची चर्चा महिनोन्‌महिने चालली. (आणि त्या खुनात गोळी झाडली गेलीच नव्हती, मारहाणीनं जीव घेतला.) जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अडीच लाखांहून जास्त परवाने अपात्रांना दिल्याच्या प्रकरणाची सीबीआयला चौकशी करावी लागली. परवान्याची खिडकी रुंद केली की वशिलेवाला आधी आत शिरतो, आणि ज्याच्याकडं पोलीस अहवालात बोट दाखवलं जातं तो कायमचा बाहेर राहतो. सोलापुरात हे बोट कुणाकडं असतं हे सांगायला नको. ज्या शहरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसं तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवली होती आणि १९५२ मध्ये ते कुंपण उठलं, त्या शहरात ‘चारित्र्य पडताळणी’ या शब्दाला इतिहास आहे. म्हणजे मागणी ‘प्रत्येक घराला बंदूक’ अशी असली तरी प्रत्यक्षात ती ‘वजनदार घराला बंदूक आणि पालावरच्या माणसावर नेम’ अशी होईल.

अतिशयोक्ती वाटते? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. २०२४ मध्ये आकाशातल्या ड्रोनच्या भीतीनं मराठवाड्यापासून पुणे जिल्ह्यापर्यंत गावं रात्ररात्र जागी होती. दरोड्याची भीती आणि अफवेची भीती, दोन्ही एकाच अंधारात राहतात. राईनपाड्यात काठ्या होत्या, तरी पोलिसांना पोचायला उशीर झाला. दुनळ्या असत्या तर?

एक प्रयोग तर आपल्याकडं दर निवडणुकीला होतो आणि कुणी त्याचा निकाल विचारत नाही. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, एका वर्षात दोनदा हे झालं. इतक्या बंदुका आठवड्यांमागून आठवडे घराबाहेर होत्या. त्या काळात दरोडे वाढल्याची ओरड कुणी ऐकली? घरातल्या बंदुकीच्या धाकानं चोर थांबत असते, तर निकाल लागेपर्यंत त्यांची चंगळ व्हायला हवी होती.

वस्तीवरच्या माणसाला मग सांगायचं काय? त्याच्या कामाचं असेल ते. दाराला आतून आडवा लोखंडी दांडा, बिजागऱ्यांना आरपार बोल्ट. कडी दोन दणक्यांत जाते, दांडा जात नाही, आणि पाच मिनिटं मिळाली तर खेळ बदलतो. रात्रीच्या भारनियमनात चालणारा सौरदिवा, सेन्सरचा. दोन कुत्री, एक नव्हे. एकाला भाकरी टाकून गप्प करतात. सोनं बँकेत. बॅटरीवरचा भोंगा, ज्याचं बटण झोपायच्या खोलीत असेल. फोनवर ११२. आणि ग्राम सुरक्षा यंत्रणा: एका कॉलवर गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकाच वेळी तोच आवाज जातो. ती गावात चालू आहे का, नंबर नोंदलेत का, वर्षातून दोनदा चाचणी होते का, हे ग्रामसभेत विचारावं. दरोडेखोर बंदुकीपेक्षा जागं झालेल्या गावाला जास्त भितो, कारण त्याला पळायचा रस्ता हवा असतो. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू करून तांड्यांवरच्या हातभट्ट्यांना पर्यायी धंद्याकडं वळवायचा प्रयत्न केला, तो गुन्हा मुळातून कमी करण्याचा होता. त्याच्या यशापयशावर वाद घालावा. तसा वाद बंदुकीवरच्या वादापेक्षा उपयोगाचा ठरेल.

राहिल्या आजोबांच्या बंदुका. जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांत परवाना वारशानं चालत आलेला आहे आणि नळीतून दहा वर्षांत बार निघालेला नाही. परवानाधारक वारला की ते शस्त्र घरात ठेवणं बेकायदा होतं. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावं लागतं. मग वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा की विकून मोकळं व्हायचं, ते शांतपणे ठरवता येतं. बंदूक नेण्याआधी ती मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडं धरून रिकाम्या असल्याची खात्री करावी. रिकामी आहे का हे बघायला चाप ओढू नये. काडतुसं वेगळ्या पिशवीत, मोजून. एखादं फुगून नळीत अडकलं असेल तर गजानं ढकलू नये, बंदुकीला हात न लावता आधी ठाण्यात कळवावं. सोबत मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला. ठाण्यातून पावती घ्यावी, तीत काडतुसांची संख्या लिहिली आहे का आणि शस्त्रावरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी जुळतो का, हे तिथंच उभं राहून वाचून घ्यावं.